सीलबंद

लेकीने कपाटाच्या तळातून औषधाच्या दोन्ही बाटल्या ओढून काढल्या आणि बाबांसमोर टेबलावर आपटल्या. एकीचंही सील तुटलेलं नव्हतं.

"दोन महिने त्या डॉक्टरांशी भांडतेय, औषध लागू का पडत नाही म्हणून. आज ते म्हणाले, गाठ अशीच पसरली तर उजवा डोळा काढावा लागेल. आणि तुम्ही याचं लोणचं घालताय?"

बाबांनी चष्मा पुसला. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. डोळ्याच्या कोपऱ्यातल्या कर्करोगाच्या गाठीवर पट्टी लावून अजूनही पेपरातल्या चुका काढत बसायचे. त्यांनी खणातून औषधाचं माहितीपत्रक काढून पुढे सरकवलं. मुंगीएवढ्या अक्षरांखाली पेन्सिलीची रेघ होती: गर्भवतींनी हाताळू नये.

"मी कुठे हाताळते?"

"एका घरात तर राहतेस. चौथा महिना आहे. शिवाय तूच सांगितलं होतंस."

सांगितलं होतं खरं. प्रयोगशाळेत ती अंड्यातल्या पिल्लांवर काम करायची, आणि एकदा चहा पिताना तिच्या तोंडाची टकळी सुरू झाली होती. एक पेशी दुसरीला निरोप धाडते, तो निरोप नेणारं एक प्रथिन असतं. गर्भात त्याच निरोपावर बोटं घडतात. पुढे कधी तो नको तिथे, न थांबता सुरू झाला की अशी गाठ होते. औषध तो निरोप अडवतं. अंड्यात अडवला तर पिल्लाला बोटं धड फुटत नाहीत. स्वतःच्या जिभेचा तिला संताप आला, आणि त्याहून जास्त बाबांच्या या दीडशहाणपणाचा.

"कॅप्सूल बंद असते, बाबा. तुम्ही गिळलीत तर शेजारच्या खोलीतल्या बाळाला काडीचाही धोका नाही. मला विचारायला काय झालं होतं?"

"विचारलं असतं तर तू घ्याच म्हणाली असतीस."

तिचे डोळे भरून आले, त्याचाही तिला राग आला.

"घ्या. आत्ता, माझ्यासमोर."

"तू बाहेर जा. मग घेतो."

"अहो, मी काय सांगतेय—"

"बाहेर."

तिने दार धाडकन ओढून घेतलं आणि बाहेर त्यालाच कान लावून उभी राहिली. या माणसापुढे डोकं आपटून उपयोग नव्हता. बंद कॅप्सूलला घाबरायचं नसतं, हे ती प्रयोगशाळेतल्या नव्या मुलींना दरवर्षी शिकवायची.

आत सील करकरत फाटलं. तिचा हात पोटावर गेला, आणि ती दारापासून दोन पावलं मागे सरकली.