पालथा काठ

“मास्तरीनबाई, काठ कागदावर नका उतरू. हातातलं हातात ऱ्हातं. कागदाला पाय अस्त्यात.”

चांगुणाने हे सांगितलं तेव्हा मी हसले होते. पुण्याच्या कॉलेजात दोन वर्षं काढून आलेली मी, मला कागदाची भीती कोण घालणार?

सेहेचाळीस सालचा श्रावण होता. आम्ही तेव्हा शेवगावला राहत होतो. माझे यजमान, शामकांत, तिथल्या शाळेत मास्तर. शाळेच्या मंडळाचे चिटणीस विष्णुपंत यांचं पेठेत कापडाचं दुकान होतं. मुंबईच्या एका मिलची एजन्सी त्यांच्याकडे, आणि कंट्रोलचं, सरकारने मापून दिलेलं सूत वाटायचा डेपोही त्यांच्याचकडे. शाळेत प्रदर्शन भरायचं होतं. “आपल्या गावच्या कलेचं काहीतरी काढून द्या, वहिनी,” असं ते स्वतः घरी येऊन म्हणाले. मला बरं वाटलं. लग्नानंतर प्रथमच मला कोणी स्वयंपाकाखेरीज दुसरं काही मागितलं होतं.

चांगुणा साळ्यांच्या आळीत एकटी राहायची. नवरा गेल्यावर त्याचा हातमाग तिनेच चालवला. तिच्या लुगड्याचा कणसाचा काठ सगळ्या तालुक्यात ओळखीचा होता. लाल पट्टीवर पिवळी ज्वारीची कणसं, भाराने एका बाजूला कललेली. हा काठ तिने स्वतः बसवला होता. मी चौकटीचा कागद घेऊन तिच्या मागाशेजारी बसले. माझी इंदू तेव्हा दहा महिन्यांची, नुकती रांगायला लागलेली, आणि मागापुढे पाय सोडून बसायचा हातभर खोल खड्डा. माझा एक डोळा कागदावर आणि एक त्या खड्ड्यावर. दर चार घरं भरली की उठायचं, पोरीला मागे ओढायचं, पुन्हा बसायचं. चांगुणा पाय न थांबवता म्हणाली, “पोरगी पडत न्हाई. तुमीच पडशाल.”

तिने माझं ऐकून घेतलं आणि मला काढू दिलं. माझं मन मोडवलं नाही तिला.

प्रदर्शन झालं. इतरांच्या वस्तू परत आल्या, माझा कागद आला नाही. “उंदरांनी नेला असेल,” विष्णुपंत म्हणाले. मीही तसंच धरून चालले.

संक्रांतीच्या आधी त्यांच्या दुकानात मिलच्या लुगड्यांचे गठ्ठे उतरले. लाल पट्टी, पिवळी कणसं. वर कागदी छाप, आणि छापाखाली बारीक अक्षरात, हा काठ मिलच्या नावे नोंदलेला आहे. लगेच चांगुणाला बोलावणं गेलं. आपण मिलच्या मालाची नक्कल करतो हे तिने कबूल करावं, यापुढे हा काठ विणणार नाही अशा कागदावर अंगठा द्यावा. नाहीतर डेपोतून सूत बंद.

ती माझ्या दारात आली ती रडत नव्हती. मिलचं एक लुगडं शेजारणीकडून मागून आणलं होतं, ते तिने माझ्यासमोर टाकलं. “ह्ये बघा. माझा काठ, पर येडा झालाय.”

मला कळेना. तिने काखेतलं आपलं लुगडं काढलं आणि दोन्ही शेजारी पसरली. तिची कणसं पदराकडे झुकलेली होती. मिलची कणसं पदराकडे पाठ करून उभी.

“आमी कापड पालथं इनतो, बाई. चांगली बाजू खाली आसती. तुमी वरनं बगून काढलं. त्यांनी तुमचं बगून इनलं.”

त्या दिवशी कापड उलटून बघायचं मला सुचलंच नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला मी शामकांतांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “तू दुकानात जाऊन बोललीस तर माझी नोकरी गेली समज. इंदूला काय घालशील मग, काठ?”

“अहो, चूक माझी आहे.”

“म्हणूनच गप्प बस.”

मी गप्प बसले, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी बाजार होता, आणि चांगुणाला अंगठ्यासाठी त्याच दिवशी बोलावलं होतं. इंदूला कडेवर घेतलं, तिने माझ्याकडेच ठेवलेली दोन्ही लुगडी काखेत मारली आणि दुकानाची पायरी चढले. चांगुणा खाली बसलेली, पुढ्यात कागद आणि शाईची गादी. भोवती खेड्यापाड्यांच्या बाया.

“या वहिनी,” विष्णुपंत म्हणाले. “शामकांतरावांना विचारून आलात ना?”

“नाही. विचारलं असतं तर नको म्हणाले असते.”

बायांमध्ये कोणीतरी खुदकन हसलं. मी लुगडी पसरली. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. मिलने चांगुणाचं लुगडं बघून काठ उचलला असता तर कणसं पदराकडे झुकली असती. ती उलटी झाली, कारण तुमच्या प्रदर्शनासाठी मी उलटी काढली. तो कागद मिलपर्यंत कोणी पोचवला ते तुम्ही सांगा.

“ज्वारीचं कणीस सगळ्यांचंच असतं,” ते म्हणाले. “त्यावर कुणाची मालकी?”

“मग मिलची तरी कशी?”

एका म्हातारीने आपल्या अंगावरच्या विटक्या लुगड्याचा काठ पुढे केला. “ह्ये चांगुणाकडचं हाय. लेकीच्या लग्नात नेसले हुते. लेकीला आता तीन पोरं हायेत. तवा कुटं हुती तुमची मिल?”

विष्णुपंतांनी कागद चांगुणाकडे सरकवला. “अंगठा दे आणि मोकळी हो.”

चांगुणाने शाईची गादी उचलून त्यांच्या गल्ल्यावर ठेवली. “सूत देऊ नगा. मी चरख्याचं आनीन, जाडंभरडं. काठ हाच इनीन. आनि अंगठा मला मागावर लागतो, तुमच्या कागदावर न्हाई.”

ती उठली. तिच्यामागोमाग बायाही उतरल्या. त्या दिवशी मिलचं एकही लुगडं खपलं नाही असं मी म्हणणार नाही. खपली. स्वस्त होती.

उन्हाळ्यात शामकांतांना शाळेतून काढलं. कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याच्या कचेरीत त्यांनी काम शोधलं. सामान बांधताना माझ्या ट्रंकेत सगळ्यात वर चांगुणाचं लुगडं त्यांनीच ठेवलं. मला त्या दुकानाच्या पायरीचा पश्चात्ताप नाही. आज कोणी विचारलं तर पुन्हा चढेन.

पण इकडे आल्यापासून चांगुणाला तीन पत्रं घातली, एकाचंही उत्तर नाही. तिला लिहिता येत नाही, आणि तिची पत्रं वाचून दाखवणारा माणूस विष्णुपंतांच्या दुकानात कामाला आहे. चरख्याचं सूत तिला कोण देतं, मिळतं तरी का, मला माहीत नाही. लहानग्या इंदूला घेऊन मला एवढ्या लांब जाणं होत नाही. पोटात दुसरं आहे.

हे वाचणारं कोणी शेवगावच्या बाजाराला जाणारं असेल तर साळ्यांच्या आळीत जा, डावीकडचं शेवटचं घर. पेठेत चौकशी करू नका, तिच्याच दारात जा. मागाचा आवाज आला तर बरंच. नाही आला तरी दारातून परत फिरू नका, आत जाऊन बघा, ती बरी आहे ना. आणि मला दोन ओळी लिहा.