कोपरापर्यंत मेंदी

"कोपरापर्यंत काढा, सुचित्राबाई. एकही तळवा कोरा दिसता कामा नये."

मॅनेजर नृसिंहरावांचं सोमवारचं हे वाक्य बुधवारी सकाळी मेंदी कालवताना सुचित्राच्या कानात पुन्हा उमटलं आणि तिचा हात थांबला. सोमवारी हेच वाक्य किती गोड लागलं होतं! नगरच्या औद्योगिक वसाहतीतला हा कारखाना नळांवर आणि तोट्यांवर क्रोमचा मुलामा चढवायचा, आणि तिथे कामगारांचं कल्याण बघायला ती पाच वर्षांपूर्वी लागली होती. दर श्रावणात ती साहेबांच्या खोलीत जाई. नागपंचमीच्या आदल्या दिवशी बायकांना घटकाभर सुट्टी द्या, मेंदी लावू द्या, म्हणे. दर वर्षी साहेब म्हणत, "हा कारखाना आहे बाई, माहेर नव्हे." यंदा, सत्त्याण्णव साली, त्यांनी आपण होऊन अर्धा दिवस दिला आणि मेंदीही आणवली. सुचित्राने घरी जाऊन देवापुढे साखर ठेवली.

मंगळवारी साहेबांच्या खोलीतून तिच्या टेबलावर पत्र आलं, वर शिक्का मागच्या शनिवारचा. परदेशातली जी कंपनी इथला माल घेई, ती आता मालाबरोबर माल करणारी माणसंही बघणार होती. इंग्रजीत तीन पानं. त्यांचं मराठी करून फळ्यावर लावायचं काम सुचित्राचं. कामगाराच्या जिवाला अपाय होईल असं काम करून घेऊ नये, अंगाला जपणारी साधनं द्यावीत, तक्रार करणाऱ्याला त्रास देऊ नये. आणि शेवटी, गुरुवारी आमची बाई येईल, टाक्यांवरच्या कामगारांशी बोलेल, त्यांचे हात पाहील.

हात पाहील. ती ओळ तिने दोनदा वाचली.

टाक्यांवर सव्वीस बायका होत्या. आकड्यांना तोट्या अडकवायच्या, टाकीतून निघाल्या की विसळायच्या. टाकीतल्या पिवळ्या, आम्लाच्या पाण्याचे शिंतोडे हातावर बसत. रबरी हातमोज्यांचा जोड तीन महिन्यांनी एक, तो पंधरवड्यात फाटे. मग बोटांच्या पेरांवर, मनगटावर वाटाण्याएवढी भोकं पडत. ती भरून येत नसत. कारखान्याचे डॉक्टर कार्डावर 'खरूज' लिहीत आणि पांढरं मलम देत. सुचित्रा ती कार्डं नावांच्या क्रमाने लावी. पाच वर्षं लावत आली होती.

मेंदीखाली भोकं दिसत नाहीत, हे साहेबांना सुचलं कुठून? तिनेच तर दर श्रावणात जाऊन मेंदीचं नाव काढलं होतं.

दुपारी जेवणाच्या शेडमध्ये बायका ओळीने बसल्या. भावाचा उपास असल्यामुळे बहुतेकींच्या पोटात चहा आणि मूठभर शेंगदाणे, पण गलका कमी नव्हता. तिसगावकडची रंगुबाई त्यांच्यात सगळ्यांत वडील. तिने पहिला हात पुढे केला.

"बाई, नागोबा काढा, पर फना नका काढू. फनावाला घरी एक हाय, तेवढा पुरं."

"म्हातारा आजून डसतो व्हय गं?" मागून कुणी तरी विचारलं.

"डसतोय कशाचा! निस्ता फुस्स फुस्स करतो."

हशा झाला. सुचित्राही हसली. तेवढ्यात मेंदीची रेघ रंगुबाईच्या पेरावरून गेली आणि तिने हात मागे ओढला.

"आई गं! लिंबू पिळलंय व्हय ह्यात?"

"रंग चढावा म्हणून..."

"चढू द्या, चढू द्या." रंगुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी हात पुन्हा पुढे आला. "कारखान्यानं कदी न्हाई त्ये लाड केलेत, नगं कसं म्हनू?"

एक जण मात्र खांबाला टेकून उभी होती. जयमाला. नागापूरच्या वस्तीतली, दहावी झालेली, तोंडाने तिखट. मुकादम रंगनाथ तिच्यावर खेकसला.

"तुला काय अक्षता पाठवू? बस की खाली."

"आमच्यात नागपंचमी न्हाई, भाऊ. आज्यानं दीक्षा घेतली तवाच सोडली."

"सण म्हणून नगं, शोभा म्हणून काढ."

"शोभा म्हणून? मग तुमीच लावा की. मिशीला लावा, पिकलीय."

शेड खदखदली. रंगनाथ लाल झाला. "उद्या कामावर येऊ नगंस. रजेचा अर्ज टाक आन घरी बस."

हसू जागच्या जागी विरलं. जयमाला सावकाश सुचित्रापाशी आली आणि तिने दोन्ही हात पुढे धरले. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी एक भोक इतकं खोल, की सुचित्राने नजर काढून घेतली.

"ह्ये झाकायसाठीच हाय ना, बाई, समदं?"

चातुर्मासात खोटं बोलायचं नाही हा सुचित्राचा नेम. होय म्हणायचा धीर होईना आणि नाही म्हणायला नेम आडवा. ती मान खाली घालून मेंदी ढवळू लागली. जयमालाला उत्तर मिळालं.

"पाव्हनीला मराठी येत न्हाई. मदी तुमीच बोलनार. माजं म्हननं तिला सांगाल? जसंच्या तसं?"

"सांगेन."

"मला रजेवर धाडलंय, तरी?"

"तरी सांगेन. शब्द देते."



संध्याकाळी ती पत्र घेऊन साहेबांकडे गेली. "साहेब, तिसऱ्या पानावर लिहिलंय. दोष दिसला तर सुधारायला सहा महिने देतील. लपवलेलं दिसलं तर मात्र माल बंद."

नृसिंहरावांनी चष्मा काढून डोळे चोळले. ते काही दुष्ट नव्हते. रंगुबाईच्या लेकीच्या लग्नाला त्यांनी कारखान्याचा टेम्पो दिला होता. "कागदावर सगळेच संत असतात, सुचित्राबाई. माल बंद झाला तर नव्वद घरांच्या चुली विझतील. ते पाप तुमच्या नेमधर्मात कुठे बसवाल? हातमोजे दिवाळीनंतर आणतोच आहे. तुम्ही फक्त विचारतील तेवढ्याचं इंग्रजी करा."

सावेडीला रिक्षातून परतताना तिच्या डोळ्यांपुढे चुलीच दिसत होत्या. साहेबांचं खोटं आहे असं तिला म्हणता येईना, आणि खरं आहे असंही.

गुरुवारी पाहुणी आली. पिकल्या केसांची, साधी, खांद्याला कापडी पिशवी. रंगलेले हात बघून तिने छातीवर हात ठेवला, किती सुंदर, म्हणाली. मग रंगुबाईचा हात हातात घेऊन तिने विचारलं, कामाने हाताला काही त्रास होतो का? सुचित्राने मराठीत विचारलं. मागे चार पावलांवर रंगनाथ होता, त्याच्या मागे साहेब. रंगुबाईने सुचित्राकडे बघितलं.

"न्हाई. बरं हाय समदं."

सुचित्राने ते इंग्रजीत सांगितलं. जसंच्या तसं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तरी जिभेवर कडू काढा ठेवल्यासारखं झालं. मग दुसरी, तिसरी. पंचवीस बायका, पंचवीस वेळा 'बरं हाय'.

निघताना पाहुणीने यादीवर बोट ठेवलं. नावं सव्वीस आहेत, एक कुठे?

"रजेवर," नृसिंहरावांनी स्वतःच इंग्रजीत सांगितलं. "घरी सण आहे तिच्या."

सुचित्राला कुणी विचारलं नव्हतं.  पाहुणीने नावापुढे 'रजेवर' लिहून घेतलं. गाडीत बसताना मात्र तिने सुचित्राकडे वळून सांगितलं, उद्या सकाळी नऊपर्यंत मी गावातल्या विश्रामगृहावर आहे, मग पुण्याला जाईन. कुणाला काही सांगायचं असेल तर यावं.

शुक्रवारी सात वाजता सुचित्रा तयार होऊन दाराशी आली. श्रावणातला शुक्रवार, भिंतीवर जिवतीचा कागद लावलेला, पुरण शिजायचं होतं. तिचा नवरा, अनीश, वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाला, "आज पूजा सोडून कुठे?"

"एक काम राहिलंय. पूजा दुपारी करते."

"कारखान्यातलं?"

"माझं."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, पण पुढे विचारलं नाही. मनवा अजून झोपली होती. लेकीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करताना नोकरी गेली तर तिच्या शाळेचं काय, हे मनात आलंच. रंगुबाई उद्या आपल्याशी बोलेल का, हेही आलं. सहा महिने मिळतील का त्या तिसऱ्या पानातले, कोण जाणे. आणि जयमाला तरी येईल का? कालचा सगळा दिवस ती घरी वाट बघत बसली असेल, आणि तिच्यापर्यंत कुणी गेलं नव्हतं.

दवाखान्याची कार्डं तिने आणली नव्हती. ती कारखान्याची होती. जयमालाचे हात जयमालाचे होते, ते न्यायला कुणाची परवानगी लागणार नव्हती. बोलायची ती बोलणार होती, इंग्रजी करायचं तेवढं सुचित्राकडे होतं.

तिने जिवतीला हात जोडले, चपला पायात सरकवल्या आणि आवाज होऊ न देता दार ओढून घेतलं. कोपऱ्यावरचा रिक्षावाला रोजचाच.

"आज लई लवकर, ताई? कारखान्यावर ना?"

"नाही," सुचित्रा म्हणाली. ती आत बसली. "आधी नागापूरच्या वस्तीत. तिथून एकीला घ्यायचंय."