बियाण्याची बाजू

मी पूल बोलतोय. खरं सांगायचं तर आता अर्धाच पूल बोलतोय. माझ्यावरचा रस्ता गेला, कठडे गेले, कमानीही गेल्या. खाली चिखलात रोवलेले दोन दगडी पाय तेवढे उरलेत. पण बोलायची हौस काही गेलेली नाही, आणि तुम्ही थांबलाच आहात तर दोन घटका ऐकून जा.

करावे गावाच्या अलीकडे खाडीचा एक फाटा आत शिरतो. भरतीला त्यात होडी चालते आणि ओहोटीला नुसता चिखल उरतो. मला बांधलं ते मिठागरांसाठी. मिठाच्या बैलगाड्या त्या चिखलात रुतायच्या, बैल गुडघे टेकायचे आणि गाडीवान एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. शेवटी गावकरी आणि मिठागरवाले एकत्र आले, पारसिकच्या डोंगरातला काळा दगड आणला आणि मला उभं केलं. दोन पाय, तीन कमानी आणि वर जेमतेम एका गाडीपुरता रस्ता. उद्घाटनाला पुढारी कोणी नव्हता. पहिल्या बैलाने पाऊल ठेवलं आणि ठेवल्या ठेवल्या माझ्यावर शेण टाकलं. शुभशकुन झाला म्हणून सगळे हसले. मी मात्र बरेच दिवस फुगून बसलो होतो.

पहिल्याच वर्षी माझ्या पायांना कालवं चिकटली. कालव म्हणजे शिंपल्यातला जीव. एकदा दगड धरला की जन्मभर सोडत नाही. आधी मला गुदगुल्या व्हायच्या, मग सवय झाली. त्यांच्या मागोमाग खेकडे आले, कोळंबी आली, चिखलात उड्या मारणारे निवटे आले. त्यांना खायला बगळे आले आणि सगळ्यांच्या मागून टोपल्या घेऊन गावातल्या बायका आल्या. माझ्यावरून जेवढी वर्दळ होती त्याहून जास्त माझ्याखाली असायची.

त्या बायकांचा एक रिवाज होता. माझ्या डाव्या पायाची खाडीकडची बाजू, अगदी बुडापासची, तिला कोणी हात लावायचं नाही. बाकी सगळीकडची कालवं सळईने टोकरून काढायची, पण तिथली नाही. तिला त्या बियाण्याची बाजू म्हणत. भात झोडल्यावर बियाण्याचं वेगळं काढून ठेवायची सवय त्यांच्या हाताला होतीच, तीच त्यांनी पाण्यातही चालवली. तिथली कालवं पिल्लं सोडायची आणि ती पिल्लं वाहत जाऊन दुसऱ्या दगडांवर बसायची.

बायजाबाई लग्न होऊन आली तेव्हा तिला हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात ती त्या बाजूला सळई घेऊन गेली आणि सासूने कठड्यावरून अशी हाक मारली की पलीकडच्या तिवरांतले बगळे उडाले. तेव्हापासून त्या बाजूची राखण बायजाबाईच करते. नवरा लवकर गेला. पदरी एक मुलगा होता. कालवं काढायची, नेरुळच्या बाजारात नेऊन विकायची, एवढ्यावर तिने त्याला वाढवलं आणि त्याचं लग्नही करून दिलं. तिच्या संसाराचा भार माझ्यावर आहे असं मी उगाच मनात म्हणायचो आणि मला बरं वाटायचं.

मग शहर आलं. मिठागरं बंद पडली, बैलगाड्या गेल्या, आणि त्यांच्या जागी विटा, रेती, सळया भरलेले ट्रक माझ्या अंगावरून धडधडू लागले. बैलाच्या शेणावर रुसणारा मी, आता एका ट्रकने माझा उजवा कठडाच उचलून नेला तरी हूं की चूं करू शकलो नाही. पलीकडे सोसायट्या झाल्या. माझ्यावरून एका वेळी एकच गाडी जायची, म्हणून दोन्ही टोकांना भांडणं. ‘आधी मी आलोय’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मला त्याचा वीट आला होता.

एकदा बायजाबाईच्या सुनेला कळा सुरू झाल्या. रिक्षा माझ्या मध्यावर आली आणि समोरून खडीचा ट्रक. दोघेही मागे जाईनात. सून रिक्षात ओरडतेय, बायजाबाई ट्रकवाल्याच्या सगळ्या खानदानाला नावं ठेवतेय आणि मी मधल्यामध्ये अंग चोरून उभा. शेवटी ट्रक हटला. नातू दवाखान्यात पोचल्यावरच जन्मला, हे त्या ट्रकवाल्याचं नशीब. त्या दिवशी माझंही मत झालं की आता इथे नवा पूल हवा. मी म्हातारा झालो होतो आणि ते मान्य करायला मला काही कमीपणा वाटला नाही.

शहाण्णव साली नव्या पुलाचं काम मनावर घेतलं गेलं. इंजिनिअर होते नंदकिशोर साहेब, नेरुळच्या कॉलनीतच राहणारे. माणूस सालस, पण त्यांना सगळं लवकर उरकायची घाई. त्यांची योजना अशी, की मला पाडायचं, फाट्यात मातीचा भराव घालायचा, भरावाच्या पोटात सिमेंटचे पाईप ठेवायचे आणि वरून रस्ता न्यायचा. स्वस्तात आणि झटपट. पाईपातून पाणी जाईलच की, असं ते म्हणायचे. जाईल खरं, पण चूळ भरल्यासारखं. भरती आत पोचणार नाही, चिखल सुकेल आणि माझ्या पायांशी नांदणारं सगळं गोकुळ मरून जाईल.

पण आता खाडीत काही बांधायचं तर आधी पर्यावरणाची पाहणी करावी लागे. पुलाखाली आणि आजूबाजूला काय जगतं ते बघायचं. काहीच नसेल तर पाईप घाला. असेल तर फाटा मोकळा ठेवून उंच पूल बांधा. ही पाहणी करायला अबोली मॅडम येणार होत्या. मूळच्या मालवणकडच्या, प्राणिशास्त्र शिकलेल्या, नोकरीला नव्यानेच लागलेल्या.

गावात पाहणीचा निरोप आला तो गंगारामकडे. गंगाराम बायजाबाईचा दीर. होळीपासून क्रिकेटच्या स्पर्धेपर्यंत गावातलं प्रत्येक काम त्याच्या पुढाकाराने व्हायचं. पाहणी म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र आलं, ते म्हणजे मुलगी बघायला येणारे पाहुणे. पाहुणे येणार आणि पुलाखाली शेवाळ, शिंपले, चिखलाचा वास? गावाची काय अब्रू राहील? त्याने साहेबांना कळवलं की भरतीच्या वेळेला या, तेव्हा आमची खाडी बघण्यासारखी असते. आणि मग पोरं, बायका, बादल्या, खराटे सगळं घेऊन तो माझ्यावर तुटून पडला.

काय मला आंघोळ घातली म्हणता! शेवाळ खरवडलं. पायांवरची कालवं टोकरून काढली. जाळी गुंडाळून घरी नेली. वर कमानीपासून खाली पाण्याच्या रेघेपर्यंत मला पांढराशुभ्र चुना फासला आणि उरलेल्या एका कठड्याला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. मी सुखावलो होतो, हे खोटं कशाला बोलू. पण आतून मला सारखं वाटत होतं, अरे बाबांनो, ज्यांची पाहणी व्हायची त्यांनाच तुम्ही घराबाहेर काढताय.

गंगाराम सळई घेऊन बियाण्याच्या बाजूला वळला तेव्हा बायजाबाई आडवी आली.

“भाऊजी, ती बाजू ठेवा. बियानं हाय.”

“अगो वयनी, पावन्यांना काय दिसंल?”

“भरतीला बोलावलंय ना? मंग पान्याखाली कोनाला काय दिसतंय?”

हे गंगारामला पटलं. वेळ वाचला म्हणून तो खूशही झाला.

पाहुणे आले. भर दुपारची भरती, निळं पाणी, वाऱ्यावर हलणारं तोरण. अबोली मॅडम होडीत बसल्या, गंगारामने होडी माझ्याखाली नेली. त्यांनी माझ्या दोन्ही पायांना हात लावून बघितला. बोटांना चुना लागला, बाकी काही नाही. जाळं टाकलं, त्यात एक पान आणि प्लॅस्टिकची पिशवी आली. इथे काही सापडतं का, असं त्यांनी विचारलं. गंगारामने छाती फुगवून सांगितलं की काय पन नाय, एकदम क्लीन. वरून नंदकिशोर साहेबांनी ते ऐकलं आणि सुटलो म्हणाले. पाईपाचं नक्की झालं असं त्यांनी धरलं, कारण अहवालही याच आठवड्यात द्यायचा होता.

मला तेव्हा भीती वाटली. मी जाणार हे ठरलेलंच होतं, त्याचं दुःख मी केव्हाच करून टाकलं होतं. पण बायजाबाईने उद्या टोपली घेऊन कुठे जायचं? माझ्या मागे माझं काहीच राहणार नाही, असं पहिल्यांदाच वाटलं.

जेवणाची पंगत माझ्यावरच मांडली होती, कारण मी गावात सगळ्यात स्वच्छ होतो आणि वाराही छान होता. तांदळाची भाकरी, निवट्यांचा रस्सा आणि कालवांचं सुकं. नंदकिशोर साहेब माळकरी, त्यांच्यासाठी वेगळी वालाची उसळ. अबोली मॅडमनी पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे मिटले.

“आजी, इतकी ताजी कालवं कुठून आणलीत?”

“आनायची कशाला? तुमी बसलाव त्याच्याच पायाची हान. काल पावन्यांसाठी सगली काढली.”

मॅडमचा घास हातातच राहिला. मग त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. पाहणी कशाची होती, काही सापडलं नाही तर पाईप कसे पडणार, आणि पाईप पडल्यावर कालवांचं काय होणार. गंगाराम उठून उभा राहिला आणि पुन्हा खाली बसला.

“म्हंजे मीच गावाच्या पायावर धोंडा पाडला,” तो म्हणाला.

मॅडम म्हणाल्या की ताटातलं काही अहवालात लिहिता येत नाही, जागेवर बघितलेलंच लिहावं लागतं. खरवडलेल्या पायांवर पुन्हा कालवं धरायला महिने लागणार, आणि तोवर कागद पुढे गेलेला असणार. साहेबही हात धुऊन येऊन बसले होते. त्यांनाही वाईट वाटत होतं, कारण वालाची उसळ उत्तम झाली होती आणि ज्याचं अन्न खाल्लं त्याचं वाईट करणं त्यांना जमत नसे.

बायजाबाई मात्र शांतपणे भांडी गोळा करत होती. ती म्हणाली, “पानी उतरू दे. मंग दाखवतंय.”

मग सगळे पाणी उतरायची वाट बघत बसले. साहेब माझ्यावर आडवे झाले आणि चक्क घोरू लागले. आयुष्यभर माझ्यावरून लोक घाईने गेले, माझ्यावर झोपलेला हा पहिलाच माणूस. अबोली मॅडम आणि बायजाबाई कालवांत खोबरं घालावं की नाही यावर वाद घालत होत्या. तो वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

उन्हं कलली, पाणी ओसरलं आणि माझा डावा पाय उघडा पडत गेला. चुना संपला. त्याच्याखाली दगड असा दिसेचना. नुसती कालवंच कालवं, एकावर एक, म्हातारी, तरणी आणि नखाएवढी. त्यांच्या फटींतून खेकडे डोकावत होते. गंगारामने पुराव्यासाठी म्हणून सळई उचलली, तशी बायजाबाईने त्याच्या हातावर चापट मारली. मॅडमला ती म्हणाली,

“बघ बाय. पोटभर बघ. पन काढू नको.”

मॅडमनी एकही काढलं नाही. गुडघाभर चिखलात उभ्या राहून त्या अंधार पडेपर्यंत बघत राहिल्या, फोटो काढत राहिल्या. साहेब वरून वाकून बघत होते. त्यांना राहवेना, तेही खाली उतरले आणि तिसऱ्याच पावलाला रुतले. माझ्या पायाला मिठी मारून त्यांनी स्वतःला सोडवलं. अंगभर चुना लागला आणि एक बूट चिखलाने ठेवून घेतला. सगळ्यांनी हसू दाबलं, कारण साहेब आहेत. मग साहेबच हसले आणि त्यानंतर कोणी कोणाला आवरलं नाही.

जाताना एका पायाने लंगडत ते म्हणाले, “पाईप नको. मी नकाशा बदलून मागतो.”

बदलायला वेळ लागला, वरून बोलणीही खावी लागली, पण नकाशा बदलला. नवा पूल माझ्या शेजारून उंच गेला, मधे एकही खांब नाही, खालून फाटा जसाच्या तसा मोकळा. आणि अबोली मॅडमनी लिहिलं होतं म्हणून मला वरून उतरवलं, पण माझे पाय ठेवले. बियाणं त्यांवर आहे ना.

मला उतरवायच्या दिवशी गंगारामने नारळ फोडला. माझ्यावरून शेवटची गेली ती बायजाबाई, कडेवर नातवाला घेऊन. मध्यावर ती थांबली आणि वाकून तिने मला हात लावला, देवाला लावतात तसा. मी रडलो. पाय पाण्यात असल्यामुळे कोणाला कळलं नाही.

आता मी मजेत आहे. डोक्यावरचं ओझं गेलं की म्हाताऱ्यांना बरं वाटतं. नवा पूल तरुण आहे, थोडा शिष्ट आहे, पण त्याच्यावरून बस जाते आणि बायजाबाईचा नातू त्याच्यावरून बालवाडीत जातो, त्यामुळे मी त्याला काही बोलत नाही. खरवडलेल्या जागी कालवं केव्हाच पुन्हा धरली. बायजाबाई अजून येते, हल्ली जरा कमरेतून वाकलेली असते.

आणि हो, साहेबांचा बूट. एका उधाणाच्या भरतीने तो चिखलातून वर काढला आणि माझ्या दगडांच्या फटीत अडकवून ठेवला, नेमका बियाण्याच्या बाजूला. त्याच्या रबरी टाचेवर आता कालवं धरली आहेत. साहेब एकदा बघायला आले होते. बूट परत पाहिजे का, असं बायजाबाईने विचारलं, तर ते नको म्हणाले.

तेव्हा कधी या बाजूला आलात आणि ओहोटी असली, तर नव्या पुलाच्या कठड्यावरून खाली वाका. मी तिथेच आहे, तो बूटही आहे. पोटभर बघा. पण काढू नका.