डाव्या अंगाची पट्टी

पट्टी कोण हलवते, यावरून आमच्या घरी महिनाभर डोक्स्याले ताप होता.

पट्टी म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावरची, जिच्यावर दाबायची सगळी चित्रं असते. माह्या दिरानं, स्वप्निलनं, जुन्या कॉम्प्युटरात फुकटातली नवीन सिस्टीम टाकून देल्ली, अन् खालची पट्टी उठून डाव्या बाजूले उभी राह्यली. माह्ये सासरे अण्णाजी, त्यायले मी मामाजी म्हणतो. आमच्या आंजी गावातून कोणाची किती वांगी, किती पालक उद्या वर्ध्याच्या बाजारात जाईन, हे रोज संध्याकाळी मामाजीच कॉम्प्युटरात टाकते. वावर सोडल्यापासून तेवढंच एक काम त्यायच्या हाती राह्यलं हाये. त्या कामासाठी चार लोकं दारात येऊन "अण्णाजी हायेत काय?" म्हणून विचारते.

मामाजी म्हणे, पट्टीच नाई इथं. स्वप्निलनं जाड केली. म्हणे, तरी नाई. अजून जाड केली तं चित्रं भाकरीएवढी झाली अन् अर्धा पडदा खाऊन बसली. मग खाली आणली. तं म्हणे, घड्याळ दिसते, बाकीची चित्रं कुठं गेली? बाकीची तिथंच होती, डाव्या कोपऱ्यात. स्वप्निलले वाटे, बाबाच काहीतरी दाबून ठेवते. त्यानं पट्टीले कुलूप लावून टाकलं. शेवटी एक दिवस गावातल्या प्रेमदासभाऊची मेथी टाकायची राह्यली अन् गाडी मेथी न घेताच गेली. तवा तो वैतागून म्हणाला, रविवारी कॉम्प्युटर प्रेमदासभाऊच्या घरी नेतो, काम त्यायलेच देतो, तुमच्यानं आता होत नाई. मले वाईट वाटलं, पण मी मधात पडलो नाई.

कारण माह्याही पोटात राग होताच. तेवढ्याच दिवसांपासून मामाजी माह्या हातची चटणी खात नव्हते. जवसाची करा, तिळाची करा, ठेचा करा, ताटातली उजवीकडची भाजी साफ अन् डावीकडची चटणी तशीच. आवडत नसन तं तोंडानं सांगा ना बाप्पा.

रविवारी पुन्हा तेच पाह्यलं अन् माह्यं टाळकं सरकलं. ताट गरकन फिरवून त्यायच्या पुढे आदळलं. म्हटलं, हे कोणासाठी वाटलं मी?

मामाजीनं ताटात पाह्यलं. चटणी आता उजवीकडे आली होती. त्यायनं बोट लावून चाखली.

"जवसाची हाये," ते म्हणाले. "मले वाटलं, तू मले चटणी वाढणंच सोडलं, पोरी."

मी त्यायच्या डाव्या बाजूनं हात हलवून पाह्यला. त्यायले तो दिसला नाई.

दुपारी स्वप्निल वायरा काढाले आला. त्याले म्हटलं, आधी ती पट्टी उजवीकडे लाव. तो कुरकुरला, म्हणे उजवीकडे कोण लावते, पण लावली. मामाजी खुर्चीवर बसले अन् पहिल्याच झटक्यात त्यायनं आपलं काम उघडलं. स्वप्निल वायरा तशाच सोडून उठला. कॉम्प्युटर काही गेला नाई.

सेवाग्रामच्या डॉक्टरनं सांगितलं, मेंदूतली एक बारीक नस बंद पडली, डावीकडची नजर गेली, ती आता येणार नाई. मी घरी येऊन खूप रडलो. मामाजी नाई रडले, संध्याकाळी प्रेमदासभाऊची मेथी टाकत बसले.

पट्टी उजवीकडेच हाये. चटणीही. परवा एक पाहुणी मले शिकवाले लागली, चटणी डावीकडे वाढते बाई.

म्हटलं, वाढत असान तुमच्या घरी.