अस्थिगुरूंनी वाढवलेलं मांडीचं हाड

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, जिना भरला, खिडक्यांच्या कट्ट्यांवरही माणसं चढून बसली. सगळ्यांच्या माना व्यासपीठाकडे वळलेल्या. तिथे एका गुळगुळीत लाकडी खुर्चीत माझी सख्खी मोठी बहीण बसली होती, आणि पांढरा कोट घातलेले अस्थिगुरू तिच्यासमोर बसून तिचे दोन्ही बूट टाचांपाशी धरून होते.

"नीट बघा," गुरू कॉलरला लावलेल्या माइकमधून म्हणाले. "डावा पाय दोन बोटं आखूड. डॉक्टर काय करतात? कापतात. कारण त्यांना हाडाची भाषा येत नाही. मी मांडीच्या हाडाला नुसती विनंती करतो. हाड भोळं असतं हो, ऐकतं."

मग त्यांनी डोळे मिटले. "ये बाळा, ये. लाजू नकोस, वाढ." आणि खरंच, सगळ्यांच्या देखत ताईची डावी टाच पुढे सरकत उजवीच्या बरोबरीला आली. टाळ्यांनी छत हादरलं. ताई रडली, भावजी रडले, शेजारची अनोळखी बाईसुद्धा रडली. मी दाराशी दातओठ खात उभी होते.

माझं कामच मुळी मांडीची हाडं मोजण्याचं. इस्पितळाच्या मागच्या इमारतीत आमची खोली आहे. माणसांच्या स्कॅनवरून आम्ही हाडाची लांबी, वरच्या गोळ्याचा व्यास, गोळ्याखालच्या मानेचा कोन, आतल्या पोकळीची रुंदी, सगळं मोजतो. मांडीचं हाड तुम्हाला सरळ वाटत असेल, पण ते पुढच्या बाजूला किंचित वाकलेलं असतं, आणि प्रत्येकाचं निराळं. दुसऱ्याच लोकांच्या मापानं बनवलेला कृत्रिम सांधा आपल्या हाडात ठोकला, तर कुठे सैल बसतो, कुठे हाडाला चीर पाडतो. म्हणून हा खटाटोप. कामाचा पहिला नियम शिकाऊ पोरीलाही पाठ असतो: हाड आधी एका ठरलेल्या स्थितीत आणा, मगच मोजा. नुसतं जरा फिरवलं तरी तेच हाड वेगळा कोन दाखवतं. गुरूंनी ताईचा पाय कशापासून मोजला होता? कशापासूनच नाही. बुटाशी बूट लावून बघितला, झालं.

घरी आल्यावर मी ताईला पलंगावर उताणी झोपवली, कंबर सरळ केली आणि कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून आतल्या घोट्यापर्यंत टेप धरली. डावा पाय कालही आखूड होता आणि आजही तेवढाच.

"तुझी टेप ढिली झाली असेल," ताई म्हणाली.

"तीच टेप उजव्या पायालाही लावली ना?"

"मला आतून जाणवलं गं. काहीतरी सरकलं."

"सरकलं असेल. पण काय सरकलं?"

"आली आमची मोजपट्टी," भावजी म्हणाले. घरात माझं तेच नाव आहे. "तुला सगळंच मोजायचं असतं. एवढी माणसं वेडी आहेत का?"

ताईच्या डाव्या खुब्याचा सांधा पार झिजला होता. येत्या सोमवारी तो बदलायचं ऑपरेशन होतं, आणि तिनं इस्पितळात फोन करून नको म्हणून कळवून टाकलं होतं. शरीरात धातू शिरला की वाढलेलं हाड रुसून परत आखडतं, असं गुरूंनी सांगितलं होतं. काठी आणि आखूड पायाच्या बुटातली जाड तळपट्टीही त्यांनी टाकून द्यायला लावली होती.

"ताई, असंच चालत राहिलीस तर पडशील. हाड मोडलं तर अंथरूण धरशील."

ती म्हणाली, "त्या नव्या सांध्याचा दांडा म्हणे हाडात हातोड्यानं ठोकतात. तू रोज असली हाडं बघतेस, तुला काय त्याचं. मला भीती वाटते."

मला तिची दया आली, आणि गुरूचा असा संताप आला की विचारू नका. भित्र्या माणसाला धीर द्यायचा सोडून हा त्याच्या भीतीवर पोळी भाजून घेत होता.

दोन दिवसांनी ताई मोरीत पडली. गुडघा फुटला, नशीब की तेवढ्यावरच निभावलं. गुरूंच्या सेविकेनं फोनवर सांगितलं की घरात कुणीतरी शंका घेतली, म्हणून असं झालं. म्हणजे हाड ताईचं, दुखणं ताईचं, बढाई गुरूंची आणि पाप माझं. वा रे न्याय.

मी दीडरावांकडे गेले. हे आमच्या खोलीत कृत्रिम सांध्यांचे आराखडे काढतात. एका अपघातात त्यांचा डावा पाय अर्ध्या मांडीतून गेला, तेव्हापासून कृत्रिम पायावर चालतात. "पाय दीडच उरला, पण शहाणाही दीड आहे," असं स्वतःच म्हणत त्यांनी हे नाव पाडून घेतलं. मी सगळं सांगितलं तसे ते खुर्चीत मागे रेलले.

"माझाही जरा आखूडच आहे हो," ते म्हणाले. "मुद्दाम तसा बनवतात, पाऊल अडखळू नये म्हणून. गुरूंनी वाढवून दिला तर बरंच."

रविवारी आम्ही दोघं गुरूंच्या सभेला पोचलो. ताई आणि भावजी आधीच पहिल्या रांगेत होते. दारातच सेविका प्रत्येकाच्या चपला काढून घेऊन कापडी बूट देत होती. दीडरावांनी आपलेच बूट चालतील का विचारलं.

"नाही, हेच घाला. अनवाणी किंवा बाहेरच्या बुटात ऊर्जा गळते."

बूट एक माप मोठे होते. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

दीडराव लंगडत व्यासपीठावर गेले. गुरूंनी बूट धरले, जोड्याला जोडा लावला. "डावा आखूड. मांडीचं हाड झोपी गेलंय. आपण त्याला उठवू." डोळे मिटले, लाडीगोडी झाली, आणि डावा बूट हळूहळू पुढे येऊन उजव्याला भिडला. सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

"किती वाढलं, गुरुजी?" दीडरावांनी विचारलं.

"बोटभर. मांडीचं हाड, गुडघ्याच्या जरा वर. मला स्पंदन लागलं."

दीडरावांनी शांतपणे विजारीचा पाय वर गुंडाळला. आधी धातूची नळी दिसली, मग यांत्रिक गुडघा, मग मांडीला बसवलेला प्लास्टिकचा साचा. त्यांनी त्याच्यावर टिचकी मारली. टक् असा आवाज माइकमध्ये गेला. "गुरुजी, माझं हाड इथे वरच संपतं. तुमचं स्पंदन लागलं ते ह्या नळीला."

पण गुरू मुरलेला होता. "पाहिलंत? श्रद्धा असेल तर निर्जीवातही ऊर्जा शिरते." आणि काय सांगू, मागून खरोखरच कुणीतरी म्हणालं, "बघा, प्लास्टिकसुद्धा वाढलं." काहींनी टाळ्याही वाजवल्या. कपाळावर हात मारायचाच काय तो बाकी राहिला होता.

मग मात्र मी वर चढले. भावजींना हाताला धरून आणलं आणि खुर्चीत बसवलं. "ह्यांचे दोन्ही पाय अगदी सारखे आहेत," मी म्हणाले. "आता बघा, मी कोणतीही ऊर्जा न वापरता एक आखूड करते." मी त्यांच्या टाचा धरल्या आणि उजवा सैल बूट टाचेपासून हळूच बोटभर बाहेर ओढला. डावा पाय आखूड दिसायला लागला. उजवा बूट परत आत ढकलला, डावा वाढला. पुन्हा आखूड, पुन्हा लांब.

"ज्याचा पाय खरंच आखूड, त्याचा तोच बूट ओढायचा. ज्याचे पाय सारखे, त्याचा दुसरा आधी ओढून ठेवायचा आणि मग गुपचूप ढकलायचा. खुर्ची गुळगुळीत, म्हणून कंबरही थोडी घसरते. सरकतो तो बूट. हाड जिथल्या तिथे असतं."

"अरेच्चा," भावजी आपल्याच पायांकडे बघत म्हणाले.

गुरूंनी माझा माइक बंद करायला सांगितला. माझ्याकडे माइक नव्हताच. सेविका माझा दंड ओढू लागली, तेवढ्यात ताई खुर्चीचा आधार घेत उठली. मला वाटलं, ही आता माझ्यावर ओरडणार. ती वर आली, भावजींना उठवून स्वतः बसली, वाकता येत नव्हतं म्हणून भावजींकरवी दोन्ही बूट काढून घेतले आणि उघडे पाय पुढे केले.

"गुरुजी, आता करा," ती म्हणाली. "माझा तुमच्यावर विश्वास आहे. मनात शंका नाही. फक्त बूट नाहीत."

"असं चालत नाही."

"का?"

"हा प्रश्नच अहंकाराचा आहे. तुझ्यासारख्या बाईचं हाड कधीच वाढणार नाही," गुरू चढ्या आवाजात म्हणाले आणि मागच्या पडद्याआड गेले. ताईचे दोन्ही पाय तसेच पुढे होते, आणि डावा आखूड आहे हे शेवटच्या रांगेलाही दिसत होतं. लोक एकेक करून वाकून आपापल्या बुटात बोट घालून बघू लागले.

ती बाहेर आल्यावर जिन्यात थांबून रडली, फसल्याच्या लाजेनं. मी तिला म्हटलं, लाज त्याला वाटायला हवी. मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "माझी सोमवारची जागा दुसऱ्या कुणाला दिली असेल का?"

दिली होती. तिला पुढची तारीख मिळाली. मधल्या भेटीत ताईनं शल्यविशारद बाईंना भंडावून सोडलं. दांडा माझ्या हाडात बसेल कशावरून? कुणी मोजलं? हातोडा किती जोरात मारता? पाय अगदी सारखे होतील का? बाईंनी स्कॅन समोर ठेवून एकेक गोष्ट समजावली आणि शेवटच्या प्रश्नावर म्हणाल्या, "थोडा फरक राहू शकतो. राहणारच नाही, असं मी सांगणार नाही." ताई मला बाहेर येऊन म्हणाली, "ह्या बाईला खात्री नाही, म्हणूनच मला खात्री वाटते."

भीती तिला ऑपरेशनच्या दिवशीही वाटत होती, माझा हात दुखेपर्यंत तिनं धरून ठेवला. भीती वाटणं हा काही गुन्हा नाही. म्हणून तुम्हालाही सांगते: घाबरा खुशाल, पण विचारा. मोजलं कशापासून, ते विचारा. दुसऱ्यांदा करून दाखवा म्हणा. आणि साधा प्रश्न विचारल्यावर जो चिडतो, त्याच्या हातात आपला पाय देऊ नका.