डाव्या हाताचा इंडिकेटर

शर्वरीने कॅनडात बारा वर्षं गाडी चालवली होती, बर्फातसुद्धा. पण उज्जैनला कायमची परत आल्यावर तीन महिने तिने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. तिच्या बाबांची, दत्तात्रयांची, एका डोळ्याची नजर गेल्यापासून गाडी घराखाली धूळ खात उभी होती. शेवटी एका रविवारी सकाळी त्यांनीच किल्ली तिच्या हातात दिली.

"मी शेजारी बसतो. फ्रीगंजला एक चक्कर मारून येऊ."

बाबा सीटची कड घट्ट धरून बसले. टावर चौकाच्या अलीकडे एक म्हातारी बाई रस्ता ओलांडायला उभी दिसली. तिला जाऊ द्यावं म्हणून शर्वरीने गाडी कडेला घेतली, सवयीने डाव्या हाताने इंडिकेटर दिला आणि ब्रेक दाबला. पण इथे इंडिकेटर उजव्या हाताला. कोरड्या काचेवर वायपर फिरू लागले आणि मागून धप्पकन आवाज आला.

मागून येऊन धडकलेला स्कूटरवाला सावरला होता, पण हँडल वाकडं झालं होतं आणि कापडाचं गाठोडं रस्त्यावर पडलं होतं. पन्नाशीचा माणूस, बोटं नखांपर्यंत निळी. शर्वरी धावतच उतरली.

"लगी तो नहीं? गलती मेरी है।"

"नहीं लगी," तो म्हणाला. "पर आप रुकीं क्यों?"

"वो अम्मा के लिए।"

"अम्मा तो आपके रुकने से घबरा गईं। धीरे-धीरे चलती रहतीं, तो वो देख के निकल जातीं।"

म्हातारी खरंच अजून कडेलाच उभी होती, गाडीकडे संशयाने बघत.

"और पानी भी नहीं गिर रहा," त्याने वायपरकडे बोट दाखवलं. बाबांना हसू आवरेना. मग शर्वरीलाही हसू आलं.

त्याचं नाव यूनुस. भैरवगढला त्याचा कापडछपाईचा कारखाना होता आणि गाठोड्यातलं कापड आजच तिथे पोचायला हवं होतं. स्कूटर जवळच्या मेकॅनिककडे ठेवून शर्वरीने त्याला गाठोड्यासकट मागे बसवलं.

प्रत्येक वळणावर बाबा खिडकीतून हात बाहेर काढत. मागची वाहनं आपोआप हळू होत.

"इंडिकेटरचा दिवा बघत नाही का कोणी?" तिने विचारलं.

"बघतात. पण दिवा चुकून चालू राहतो, हात चुकून बाहेर येत नाही." थोड्या वेळाने ते म्हणाले, "तुझ्याकडे आलो होतो तेव्हा वीस दिवस गाडीतून फिरलो. कुणी कुणाकडे बघायचंच नाही. वाटायचं, या पोरीला इथे करमतं कसं?"

"बघावं लागत नाही, बाबा. तेच तर सुख होतं."

त्यांनी जरा विचार केला. "असेलही."

भैरवगढला यूनुसच्या बायकोने चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. निघताना यूनुस खिडकीशी वाकून म्हणाला, "मैडम, चलाती अच्छा हो। बस, बाजूवालों से थोड़ी बात करती रहो।"

परतताना एका चौकात शर्वरीला पुढचा रस्ता कळेना. बारा वर्षांत बरेच रस्ते एकेरी झाले होते.

"बाबा, डावीकडे की सरळ?"

सकाळी सीटची कड घट्ट धरून बसलेले बाबा आता मान कलती करून गाढ झोपले होते. तिने त्यांना उठवलं नाही. काच खाली करून पेरूवाल्याला रस्ता विचारला आणि गाडी सावकाश गर्दीत घातली.