जवसाच्या तेलाचा लेप

पेंढ्याचे दाबून केलेले तक्ते आगीत पेटू नयेत म्हणून जवसाच्या तेलाचा लेप शोधायला कारखान्यातल्या बाईंची नऊ वर्षं गेली. त्याचं श्रेय घ्यायला मालकांना नऊ मिनिटंही लागली नाहीत. आज दुपारी अग्निसुरक्षेचा सरकारी तपासनीस येणार होता. त्याने मंजुरी दिली तर लेप घराघरांत पोचणार, नाहीतर बाईंची नऊ वर्षं पाण्यात.

लेप पुसलेल्या तेलकट चिंध्या बाई रोज पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवत. सकाळी त्या आत तक्ते मांडत असताना मालकांची नजर दारातल्या त्या डब्यावर गेली. पाहुणा काय म्हणेल! त्यांनी डबा मागे नेऊन उपडा केला आणि त्या सकाळच्या, अजून न भिजवलेल्या चिंध्यांचा बोळा करून लाकडी कपाटात कोंबला. वाळूच्या बादल्याही हलवल्या. बादल्या दिसल्या की पाहुण्याच्या मनात पाल चुकचुकते, असं त्यांचं मत. शहाणपणाला त्यांच्याकडे कधी तोटा नव्हता.

दुपारी तपासनिसाने तक्त्यावर पंधरा मिनिटं गॅसची ज्योत धरली. तक्ता काळवंडला, पेटला मात्र नाही. बाईंना भरून आलं. मालक लगेच पुढे सरसावले.

"आमच्याकडे आग शोधूनही सापडायची नाही, साहेब," ते म्हणाले, आणि त्यांच्या पाठीमागच्या कपाटातून धूर निघाला.

साहेब सगळ्यांच्या आधी बाहेर पोचले, मालक त्यांच्या पाठोपाठ. बाईंनी एकटीने नळाचा पाईप ओढून आग विझवली. दोघे परत आत आले तेव्हा कपाटाचा कोळसा झाला होता. मागची लेप दिलेली भिंत धडधाकट उभी होती.

"वायर जळाली म्हणा," मालक बाईंच्या कानाशी पुटपुटले.

बाईंनी पाईप खाली ठेवला. वायर म्हटलं तर मंजुरी हातात होती. पण उद्या कुणाच्या तरी घरात रंगारी असाच बोळा टाकून जेवायला जाईल.

"वायर नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "हे तेल ओलं असताना चिंध्यांच्या ढिगात आपोआप तापून पेटतं. भिंतीवर वाळलं की आगीला दाद देत नाही. दोन्ही लिहा."

तपासनिसाने समजुतीने मान डोलावली. फॉर्मवर 'मंजुरी नाकारल्यास कारण' यासाठी एकच ओळ होती. त्याने 'तेल आपोआप पेटतं' एवढं लिहिलं, आणि खाली सही केली.